कोरा साक्षीदार

भिगवण चौकात सिग्नल लाल झाला तेव्हा विनयाने स्कूटर थांबवली आणि मान न वळवता विचारलं, "बाबा, माझ्या कामातलं तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही ना?" टोमणा असता तर मी तो खिशात घालून पुढे गेलो असतो, लेकीचे टोमणे हा म्हाताऱ्याचा खुराकच असतो. पण त्या आवाजात टोमणा नव्हता, आशा होती. रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरला आपण 'काही नाही ना?' असं विचारतो, तशी. शेजारी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन थरथरत उभा होता, त्याची थरथर स्कूटरच्या सीटमधून माझ्या माकडहाडापर्यंत पोचत होती, आणि मी म्हणालो, "छे. मला काय कळणार? तू काचेच्या खिडकीतून धूर बघतेस, इतपत माहीत आहे." ती हसली. "धूर! वा बाबा. अगदी असेच राहा," म्हणाली, आणि हिरवा दिवा लागल्यावर तिने स्कूटर अशी काही उडवली की मला तिचा खांदा धरावा लागला. खांदा सैल होता. गेले कित्येक दिवस तो तसा नव्हता. आयुष्यात मी लांबच लांब थापा मारल्या, दोन एसटी बदलेपर्यंत न संपणाऱ्या, आणि त्यातली एकही मला कधी बाधली नाही. ही 'छे' एका अक्षराची, आणि तीच घशात माशाच्या काट्यासारखी आडवी बसली.

मी थापा मारतो हे काही मी लपवत नाही, आणि लपवून उपयोगही नाही, कारण वालचंदनगरपासून इंदापूरपर्यंत ज्याने कुणी एकदा माझ्या शेजारी बसून प्रवास केला, त्याला ते ठाऊक आहे. वालचंदनगरच्या कंपनीत, गिअर शॉपमध्ये माझी नोकरी झाली. आम्ही तिथे कापलेलं एक चाक एवढं मोठं होतं की त्याच्या एका दात्यात कोंबडीने अंडी घातली आणि चाकाची एक फेरी पुरी होऊन तो दाता परत खाली येईपर्यंत आतले कोंबडे आरवायला लागले होते. उजनीच्या पाण्यावर दर हिवाळ्यात जे रोहित पक्षी उतरतात, त्यातला एक लंगडा मला नीळकंठ म्हणून ओळखतो आणि पेन्शन वेळेवर मिळते का ते विचारून जातो. सिंधू, माझी बायको, हे सगळं डाळ निवडता निवडता ऐकायची आणि वर न बघता म्हणायची, "मग?" तिला खरं-खोट्याशी कर्तव्य नव्हतं, पुढचं हवं असायचं. त्या 'मग?'वर माझा संसार झाला. पोरगी मात्र वेगळी निपजली. खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये यंत्रांची पूजा व्हायची, तेवढा दिवस क्वार्टर्समधल्या बायकापोरांना आत सोडायचे. सगळ्या मशिनींना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे, आणि एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या शेडमध्ये त्या दिवशी नुसती कापराच्या वासाची शांतता. दोन वेण्या घातलेली विनया दप्तरातली फूटपट्टी घेऊन आली होती. सगळे आरती म्हणत असताना ही त्या चाकाखाली वाकून दाता मोजत होती. घरी येताना म्हणाली, "बाबा, यात अंडं राहतं. कोंबडी राहत नाही." सिंधू इतकी हसली की तिला रस्त्यात बसावं लागलं. मीही हसलो. पण तेव्हापासून घरात मी दोन तऱ्हेने बोलायला लागलो असेन, एक सिंधूसाठी आणि एक ह्या पट्टीवालीसाठी, आणि पट्टीवालीसाठी बोलायचं हळूहळू कमी होत गेलं. सिंधू गेल्यावर मी बारामतीत विनयाकडे राहायला आलो तेव्हा आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला भाजी, गॅसची टाकी आणि पाण्याची मोटर एवढेच विषय उरले होते.

आता ह्या 'छे'चं सांगतो. विनया इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि कॉलेजच्या मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं एक खटाटोप करते आहे. कपाळावरच्या टिकलीएवढा प्लॅटिनमचा तुकडा, तो स्टीलच्या भांड्यात तापत ठेवायचा. भांड्यातली हवा पंपाने ओढून काढायची आणि मग दोन वायू बेताबेताने आत सोडायचे, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन. ते त्या धातूवर येऊन बसतात. आत शिरत नाहीत, मुरत नाहीत, नुसते एकेरी थरात बसतात, तिथे एकमेकांना गाठतात आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उठून जातात. धातूचं काही खर्च होत नाही. तो फक्त बसायला जागा देतो. गाड्यांच्या धुरातलं विष असंच मारतात. विनयाचं म्हणणं असं, की हे बसणं-उठणं डोळ्याने दिसू शकतं. भांड्याला काचेच्या दोन खिडक्या. एकीतून प्रकाश तिरका टाकायचा, धातूवर आपटून दुसरीतून निघेल तो कॅमेऱ्यात धरायचा. ज्या जागी रेणू बसलेत तिथे त्या प्रकाशाला किंचित वेगळा पीळ पडतो, आणि तो पीळ पडद्यावर फिकट किंवा गडद राखाडी होऊन उमटतो. दुधावरची साय दिसावी तशी, फक्त ही साय एका रेणूएवढी जाड. हे मला कसं ठाऊक? माझ्या कानात यंत्र आहे. घरात मी ते बंद ठेवतो असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो समज मी पाणी घालून वाढवला आहे. मी लसूण सोलत बसलेला असतो, विनया कणीक मळता मळता फोन खांद्याला दाबून धरते आणि तिची विद्यार्थिनी प्राची हिला समजावून सांगते. कधी प्राची नसतेच, ती कणकेलाच सांगत असते. मी एकही शब्द सोडत नाही. सिंधूनंतर घरात पहिल्यांदा कुणीतरी अशी गोष्ट सांगत होतं की जी ऐकताना मला पुढचं हवं असायचं. मनातल्या मनात मी 'मग?' म्हणायचो. मोठ्याने म्हटलं असतं तर ती थांबली असती, माझ्याकडे बघितलं असतं, आणि मग आम्ही गॅसच्या टाकीवर आलो असतो.

त्या राखाडी पडद्यावर विनयाला भोवरे दिसले. फिकट रेषा एका बिंदूभोवती वळत, हळूहळू फिरणाऱ्या. तिने त्यावर निबंध लिहून परदेशी नियतकालिकाकडे पाठवला, तर तिथल्या परीक्षकाने विचारलं, चित्र इतकं पुसट आहे की वळणं धातूवर आहेत की बघणाऱ्याच्या डोळ्यांत, हे कसं ठरवायचं? संगणकाला भोवरा शोध म्हटलं तर तो चहाच्या कपातही शोधून देतो. ज्याला काय दिसायला हवं ते माहीत नाही अशा कुणाला ते दिसतं का, ते बघा. आणि विनयाने कणकेला सांगितलं, नाही दिसलं तर मी ते चित्र मागे घेणार. कणीक गप्प होती, मीही गप्प होतो, पण माझ्या नखात लसूण रुतला. ही अडचण मोठी विचित्र, कारण विनयाने कौतुकाने कॉलेजातल्या प्रत्येकाला तो भोवरा दाखवून ठेवला होता, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत. बारामतीत कोरा माणूस उरला नव्हता. "एक सोडून," प्राची म्हणाली होती म्हणे. "आजोबा कुणाचं ऐकतातच कुठं?" अशी माझी निवड झाली. इतर बापांची निवड त्यांच्या अनुभवासाठी होते, माझी मी लेकीचं कधी काही ऐकलं नाही म्हणून झाली, आणि त्यातही मी अपात्र होतो.

सिग्नलवरून आम्ही थेट कॉलेजातल्या त्या खोलीत गेलो. आत पंपाचा घोगरा आवाज होता. गिअर शॉपमधल्या, दाते कापणाऱ्या हॉबिंग मशीनचा असा एक आवाज असायचा, काम नीट चाललंय असं सांगणारा; पोटाला तो लगेच ओळखीचा वाटला. प्राची पडद्यापलीकडे, तोटीपाशी. वायू कधी सोडायचा आणि कधी नाही हे नाणं उडवून ती ठरवणार, विनयालाही कळू देणार नाही. विनया माझ्या मागे, काळ्या कापडाआड. तिचं तोंड मला दिसू नये, तिच्या तोंडावरून मला काही कळू नये म्हणून. मी स्टुलावर. समोर पडदा, त्यावर पावसाळी आभाळासारखं करडं काहीतरी. "बाबा, जे दिसेल तेच सांगा. त्यात काही घालू नका," कापडाआडून आवाज आला. तिच्या लहानपणी ताटातली कारल्याची भाजी संपवायला सांगताना मी तिला याच आवाजात सांगायचो. मी बघू लागलो. आधी नुसते ठिपके, रेडिओला स्टेशन न लागल्यावर येते तशी डोळ्यांची खरखर. मग मला भोवरा दिसला. म्हणजे दिसला असं वाटलं. डावीकडे वर, एक फिकट शेपूट, वळत आत जाणारं. मी डोळे मिटले तर मिटलेल्या डोळ्यांतही ते होतं. अरे, हे तर विनयाच्या मोबाइलमधलं चित्र, चोरून किती वेळा बघितलेलं! उघडले तर पुन्हा पडद्यावर. आत आणि बाहेर यांतलं कुठलं कुठे संपतं ते मला ठरवता येईना. आयुष्यभर मी जे नव्हतं ते लोकांना दाखवलं, कोंबडी, पक्षी, आणि त्यांच्या डोळ्यांत ते दिसायला लागलं की मला सुख व्हायचं. पण माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर ती वेळ कधी आली नव्हती. 'भोवरा दिसतो' एवढे दोन शब्द. तिचा खांदा पुन्हा सैल पडला असता. कापडाआड तिचा श्वास अडकला होता हे मला पंपाच्या आवाजातूनही कळत होतं. आणि कदाचित ते खरंही असतं! तोच तर गोंधळ. खरं असेल तर मी थाप मारून खरं बोलणार, आणि नसेल तर खरं बोलतोय असं समजून थाप मारणार, आणि ह्या पोरीने दोन वेण्यांपासून जी पट्टी सांभाळली ती माझ्या हाताने वाकणार.

"विनू, मी चालणार नाही," मी म्हणालो. "का? काही दिसत नाही?" "दिसतंय. पण काय दिसायला पाहिजे ते मला माहीत आहे." काळं कापड बाजूला झालं. मी पडद्याकडेच बघत बोलत राहिलो, तिच्याकडे बघायचं धाडस नव्हतं. "इंदापूरच्या गाडीत एकेकटी माणसं चढतात ना, ती एकेक बाक धरून खिडकीशी बसतात. मागाहून नवरा-बायको चढतात, त्यांना शेजारी शेजारी दोन जागा हव्या असतात, त्या काही मिळत नाहीत. गाडीत माणसं दिसतात, जागाही दिसतात, पण जोडीला बसता येत नाही. तुझा कार्बन मोनॉक्साइड एकटा चढणारा. ऑक्सिजनला दोन जागा लागतात लागून. पहिल्याची गर्दी झाली की सगळं थंड. मग कुठेतरी कोपऱ्यात जोडीला जागा होते, तिथून लाट सुटते, ती वळते..." पंप चालूच होता. पडद्यापलीकडून प्राचीने डोकं बाहेर काढून पुन्हा आत घेतलं. विनया म्हणाली, "एसटीचं कुणी सांगितलं?" "कुणी नाही. ते माझं मीच बसवलं. बाकी तुझं." "कानातलं यंत्र चालू असतं?" "असतं." मला वाटलं ती चिडेल. ती चिडलीच, पण मला वाटलं त्या जागी नाही. "इतकी वर्षं मी भिंतीशी बोलतेय असं समजून बोलत होते, बाबा. एकदा म्हणायचं तरी, कळलं म्हणून!" आणि ओढणीने चष्मा पुसू लागली, जो आधीच स्वच्छ होता. मला सांगायचं होतं की मी कळलं म्हटलं असतं तर ते माझ्या तोंडी आलं असतं, तोंडी आलेलं सगळं माझ्याकडे फुगतं, आणि तुझ्या ह्या एका रेणूच्या सायीला मी हात लावायला भीत होतो. पण असली वाक्यं मनात सरळ उभी राहतात आणि तोंडात आली की आडवी पडतात. मी म्हणालो, "चहा घेऊ या का?"

कॅन्टीनच्या बाकावर तिने अर्धा चहा गार होऊ दिला. मग एकदम म्हणाली, "कोरा माणूस मिळणारच नाही. कुणीच कोरं नसतं, जरा काही सांगितलं की बसतंच वर. मग चुकीचं भरलेला माणूस चालेल की!" तिच्या डोळ्यांत तीच ती, चाकाखाली वाकलेली. तिचं म्हणणं असं, की बघणाऱ्याला आधीच पटवून द्यायचं, तुला अमुकच दिसणार, आणि ते अमुक धादांत खोटं असलं पाहिजे. इतकं होऊनही त्याला भोवराच दिसला, तर भोवरा धातूवर आहे. "आणि पटवायचं कुणी?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघून हसली, आणि तिच्या आईसारखी दिसली. उभ्या आयुष्यात माझ्या लेकीने मला थाप मारायला सांगितली नव्हती! मी कामाला लागलो. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, मधमाश्यांचं पोळं दिसतं. सलूनवाल्याला सांगितलं, काचेवरून ओघळणारे थेंब. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या साखरबाईंना सांगितलं, सापाची कात. आणि ते सगळे स्टुलावर बसले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसले. "काका, पोळं काय, तुम्ही सांगता म्हणजे नक्की काहीतरी निराळं असणार," झेरॉक्सवाला म्हणाला आणि स्टुलाखाली वाकून लपवलेला कॅमेरा शोधायला लागला. विनयाने कपाळाला हात लावला. "बाबा, तुमच्यावर कुणाचा विश्वासच नाही. त्यांचं मन भरलंच नाही, नुसतं सावध झालं. ह्यांची साक्ष काय कामाची? तुमचं खरं मानणारं आख्ख्या तालुक्यात एक माणूस नाही का?"

होता. सांगवीचा तात्याबा. त्याचं नाव घेताना माझी जीभ जड झाली, कारण आतापर्यंत तो माझ्या मालकीचा होता, आणि आता मी तो खर्चायला काढत होतो. तात्याबाच्या घरी पूर्वी मेंढरं. कंपनीच्या उसात ती खतासाठी बसवायला आणायचा तेव्हा पहाऱ्याला शेताच्या कडेला घोंगडी अंथरून बसायचा, आणि मी पाळी सुटल्यावर सायकल टाकून त्याच्या शेजारी बसायचो. मी चाकातल्या कोंबडीचं सांगितलं, तर तो म्हणाला, "व्हय?" आणि मेंढरांवरची नजर न काढता म्हणाला, "मग त्या कोंबड्यांला दाणा कोन घालत व्हतं?" थट्टा नव्हती ती. त्याला त्या पिल्लांची काळजी लागली होती. पुढे मेंढरं गेली, त्याने नीरेकाठी ऊस केला, ठिबक केलं, पोरगा कारखान्यावर लागला. पण माझ्यावरचा त्याचा विश्वास काही गेला नाही. सांगवीच्या पारावर त्याने माझी कोंबडी सांगितली आणि लोकांनी त्याला वर्षभर कोंबडीवाला म्हणून चिडवलं. त्याने ते सोसलं. "नीळकंठरावांनी सोता बघितलंय," एवढंच म्हणायचा. दुसऱ्या कुणाला मी सांगतो तेव्हा समोरचा हसतो आणि गोष्ट तिथेच विरते. तात्याबाला सांगितलेली गोष्ट मात्र कुठेतरी जाऊन राहते, तिला दाणापाणी मिळतं. माझ्यासारख्याला असं एक माणूस लागतंच. नसेल तर तो नुसताच खोटारडा.

वडापच्या जीपमधून तात्याबा आला, बरोबर त्याची बायको नकोशी. तिला हे नाव ठेवणाऱ्यांना जाऊन जमाना झाला, आता सगळ्या घरावर तिचाच वचक. तिने खोलीत पाऊल टाकताच नाकाला पदर लावला. "ह्यो कसला वास? हितं माज्या म्हाताऱ्याला काय झालं म्हंजी?" "काही होत नाही, मावशी," विनया म्हणाली, "ते बघा यंत्र, वायू गळला तर बोंब मारतं." "यंत्र बोंबलंस्तवर मानूस ऱ्हातंय व्हय? आन् नीळकंठ भावजी, तुमी हितं काय ठिवलंय, वाघ का शिंव्ह?" "सऱ्या," मी म्हणालो, आणि तात्याबाकडे वळलो. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या चष्म्याआड डोळे मोठे, ओलसर, शांत दिसत होते. मी घसा साफ केला. माझ्या लेकीने सांगितलेली, विज्ञानाला लागणारी, माझ्या आयुष्यातली पहिली उपयोगाची थाप. "तात्याबा, हा जो टिकलीएवढा पत्रा आहे ना, त्यावर शेत आहे. आपल्या डोळ्याला दिसत नाही, विनूच्या दिव्यात दिसतं. उसाला पाडतो तशा सरळ सऱ्या, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, दोरी लावून आखल्यासारख्या. आणि वायू सोडला की पाणी सोडल्यासारखं एकेक सरी भरत जाते. मी स्वतः बघितलंय." "व्हय?" तात्याबा म्हणाला. मग नेहमीसारखंच म्हणाला, "एवढ्याशा पत्र्याव पानी साचून ऱ्हात आसंल का निचरा हुतोय?" नकोशी म्हणाली, "बसा आता! ह्यास्नी सांगितलं का चंद्राव म्हस यालीय, तर ह्ये खरवस मागत्याल." तात्याबाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, देवळात बसतो तसा स्टुलावर बसला.

प्राची पडद्यापलीकडे गेली. विनया कापडाआड. नकोशीला बाहेर बाकावर बसवलं, तिथून तिचं खोकणं ऐकू येत होतं. मी तात्याबाच्या शेजारी उभा, पण पडद्याकडे पाठ करून, असं विनयानेच सांगितलं होतं. मला त्याचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि त्यावर पडद्याचा करडा उजेड. पहिल्या खेपेला तो बघत राहिला. पापणी लवेना. मग अपराध्यासारखा म्हणाला, "काय न्हाय. नुसतं धुकं हाय." पलीकडे तोटीचा आवाज झाला, किंवा झाला नाही, पंपामुळे कळलं नाही. दुसरी खेप. तात्याबा पुढे वाकला. माझ्या मनात एकाच वेळी दोन मागण्या होत्या, दोन्ही तितक्याच जोरात. त्याला सऱ्या दिसू देत, म्हणजे जगात माझं म्हणून जे एक शेत उरलंय ते राहील. आणि त्याला सऱ्या दिसू नयेत. एवढा वेळ मी सिंधू गेली त्या दिवशीही कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नसेल. त्याच्या मानेने हलायला सुरुवात केली. आधी अगदी थोडी, मग स्पष्ट, तो कशाचा तरी नजरेने पाठलाग करत होता, आणि त्याची मान गोल फिरत होती. सरळ नाही. गोल. त्याने मला बाहीला धरून खाली ओढलं आणि कानाशी, यंत्र नसलेल्या कानाशी, कुजबुजला, पण इतका जवळून की मला सगळं ऐकू आलं. "नीळकंठराव, सऱ्या न्हाईत हितं." "मग?" मी म्हणालो. "भवरा हाय. पान्याला पडतो तसा. फिरतुया." त्याच्या आवाजात दुःख होतं. "माज्या डोळ्याचंच कायतरी आसंल. आपरेशन झाल्यापासनं कवा कवा वाकडं दिसतंय. तुमी पोरीला सांगू नका, तिचं काम बिगडंल. सऱ्याच दिसल्या म्हनून सांगतो मी. तुमी म्हनाल तसं."

कापड हललं नाही. तिने ऐकलं होतं की नाही मला कळेना. मला तिथेच त्याला मिठी मारावीशी वाटली, आणि ओरडून सांगावंसं वाटलं, पण प्राचीने तोटी उघडी होती का बंद ते सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नव्हता. मी एवढंच म्हणालो, "तात्याबा, तुला जे दिसलं तेच मोठ्याने सांग. माझं ऐकू नकोस." "तुमचं न ऐकू?" "ह्या एका वेळेला." तो माझ्याकडे बघत राहिला, पोराला दुसऱ्याच्या मळ्यात सोडून जाताना बघतात तसा. मग पडद्याकडे तोंड करून, शेतात लांबच्या माणसाला हाक मारावी एवढ्या आवाजात म्हणाला, "भवरा! डाव्या अंगाला एक. उजवीला एक बारका, उलटा फिरतुया." पलीकडून प्राची धावत बाहेर आली, पडद्याच्या वायरीत तिचा पाय अडकला. "मॅडम, पहिल्यांदा बंद होती. आता उघडी आहे. आता उघडी आहे, मॅडम." विनया कापडाआडून बाहेर आली आणि खोलीत दुसरं स्टूल नसल्यामुळे जमिनीवर बसली, अशी, परकर-पोलक्यातली असल्यासारखी. दाराशी नकोशी उभी, "काय झालं? कोन पडलं?" म्हणत.

मग मी तात्याबाला सगळं सांगितलं. त्याच्यासमोर खाली बसून, त्याचे हात हातात घेऊन, सरळ, एकही कोंबडी मध्ये न आणता. सऱ्या नव्हत्याच, असं. भोवराच होता, तुझ्या डोळ्याला काही झालेलं नाही, तुला खरं दिसलं, तुझ्यामुळे विनूचं चित्र राहिलं. मी मुद्दाम थाप मारली होती. आधीच्याही, मी म्हणणार होतो, पण तेवढ्यात तात्याबाने हात सोडवून घेतले. तो हसत होता. मी काहीतरी भारी सांगितलं की हसायचा तसा, तोंडाला हात लावून. "छ्या! तुमी आन् थाप?" "अरे खरंच." "नीळकंठराव, पोरीपुढं मला बरं वाटावं म्हनून बोलताय तुमी. मला काय कळत न्हाय व्हय? तुमच्या खेपंला सऱ्याच आसत्याल. पानी संपल्याव जिमीन फिरली आसंल." नकोशी दारातून म्हणाली, "आता ह्याला काय म्हनावं!" आणि विनया जमिनीवर बसल्या बसल्या हसायला लागली, डोळे पुसत, हसत. तात्याबाने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याकडे वळला. "लावा की परत, पोरी," तो म्हणाला. "मगाशी घाईत बघितलं. आता जरा नीट बघतो. कुटं ना कुटं एखादी सरी घावंलच." विनयाने माझ्याकडे बघितलं. मग उठून ओढणी झटकली आणि प्राचीला म्हणाली, "सोड गं, वायू सोड. तात्याबांना बघू दे."